उघड्या दाराचे पुरावे

पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेबद्दल कोणी लिहायला घेतले की बहुधा १९०७ सालच्या ‘माझी साक्ष’पासून सुरुवात होते. मूळ इंग्रजीत लिहिलेली ही पुस्तिका छोटी आहे, एका बैठकीत वाचून होते. ती खुद्द रमाबाईंची असल्यामुळे तिच्या शेजारी दुसरा पुरावा ठेवून पाहावा असे सहसा कोणाला वाटत नाही. तिच्यात त्यांचे सारे आयुष्य एकाच दिशेने चाललेले दिसते: तीर्थयात्रा, उपासमार, एकामागून एक झालेले मृत्यू, इंग्लंड, बाप्तिस्मा आणि अखेर ख्रिस्ताच्या चरणी मिळालेला विसावा.

पण ही पुस्तिका लिहिताना रमाबाई ४९ वर्षांच्या होत्या. केडगावचे मुक्ती सदन तोवर उभे राहिले होते आणि १९०५ च्या प्रार्थना-जागरणाला दोनच वर्षे झाली होती. त्या वेळी मनाला जे लखलखीत दिसत होते त्याच्या प्रकाशात मागचे सारे पाहिले गेले. त्यात खोटेपणा नाही. साक्ष अशीच लिहिली जाते. तरी ज्याला या बाईंना बळ नेमके कुठून आणि केव्हा मिळाले हे पाहायचे आहे, त्याने त्या त्या काळात लिहिलेले कागद आधी वाचायला हवेत. असे कागद बरेच आहेत. १८८३ पासूनची इंग्लंडमधली पत्रे वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवली. ती अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये छापली. १८८९ चे अमेरिकेचे प्रवासवृत्त आहे, १८९७ ची दुष्काळाच्या अनुभवांची पुस्तिका आहे. ‘केसरी’तला विरोध आहे, ‘बॉम्बे गार्डियन’मधले एक जळजळीत पत्र आहे. आणि रमाबाईंच्या घरात राहिलेल्या, पण ख्रिस्ती न झालेल्या एका विधवेने म्हातारपणी सांगितलेले आत्मचरित्रही आहे. घटना कधी घडली यापेक्षा कागद कधी लिहिला गेला त्या क्रमाने ही सामग्री मांडली, तर एक गोष्ट दिसते. रमाबाईंच्या बाबतीत काम आधी आले आणि खात्री मागाहून आली. माझ्या मते त्यांच्या श्रद्धेचा खरा इतिहास इथेच आहे.

*

भुकेपासून सुरुवात करणे भाग आहे, कारण पुढच्या साऱ्या निर्णयांमागे ती आहे.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. लक्ष्मीबाईंनी ते लेकीला शिकवले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थामागून तीर्थे फिरत राहिले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा जवळचे होते-नव्हते ते संपले: दागिने, चांगली वस्त्रे, मग तांब्यापितळेची भांडी. शास्त्र्याच्या घरच्या माणसांनी मजुरी करायची नाही आणि भीकही मागायची नाही, असा त्यांचा दंडक होता. पैसा होता तोवर तो दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेला. तो संपल्यावर तिरुपतीजवळच्या रानात पाणी आणि झाडपाला यांवर दिवस काढायची पाळी आली. दृष्टी गेलेल्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा भाऊ श्रीनिवास पुढे झाला आणि म्हणाला, मी मजुरी करीन. त्या रानातून ते बाहेर पडले, पण वडील फार दिवस जगले नाहीत. पाठोपाठ आई गेली.

आईच्या अंत्ययात्रेचा तपशील रमाबाईंनी नोंदवला आहे, आणि तो वाचून पुढच्या ओळीवर जाणे अवघड होते. खांदा द्यायला कोणी येईना. कसेबसे दोन ब्राह्मण मिळाले, तिसरा भाऊ, चौथी रमा. स्मशान तीन मैलांवर. रमा उंचीने सगळ्यांत ठेंगणी, त्यामुळे तिरडीचे टोक तिला खांद्याऐवजी डोक्यावर घ्यावे लागले. पुढे थोरली बहीणही वारली. उरलेली दोन भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. झेलमच्या काठी थंडीच्या रात्री अंगावर पांघरूण नसल्याने ती वाळूत खड्डे खणून, डोके तेवढे बाहेर ठेवून, अंगावर कोरडी वाळू ओढून झोपत.

या आठवणी विस्ताराने लिहिल्या गेल्या त्या १८९७ मध्ये, म्हणजे दोन तपे उलटल्यावर, आणि समोर मध्य प्रांतातल्या दुष्काळात सापडलेल्या मुली असताना. त्याआधीच्या त्यांच्या लिखाणात ही उपासमार इतक्या मोकळेपणाने येत नाही. दुसऱ्यांच्या मुली हाडांच्या काड्या होऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा स्वतःची भूक सांगण्याचे बळ आले, असे मला या तारखांवरून वाटते.

मधल्या काळातले मृत्यू थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वांना ठाऊक आहेत. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी या मुलीचे संस्कृत ऐकून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. १८८० मध्ये ढाक्क्याला श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जातही वेगळी, भाषाही वेगळी. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि ती वर्षाचीही झाली नव्हती तोच, ४ फेब्रुवारी १८८२ रोजी, बिपिनबाबू पटकीने गेले. चोविशीच्या आतली ही विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्याला आली. तिने आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाबद्दल साक्ष दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले आणि त्या पुस्तकाच्या पैशावर १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंड गाठले. कान अधू होत गेल्याने डॉक्टर होणे राहून गेले.

*

इंग्लंडमधली कागदपत्रे वाचताना साक्षीतली रमाबाई आणि पत्रांतली रमाबाई यांच्यात अंतर पडू लागते.

बरोबर आलेल्या मैत्रिणीने, आनंदीबाई भगत यांनी, वाँटेजला असतानाच जीव दिला. काही आठवड्यांतच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. एवढ्यावरून अनुमान काढायचे तर घाबरलेल्या, एकाकी बाईने जवळचा आधार धरला असे म्हणता येईल, आणि पुण्यात त्या काळी तसे म्हटलेही गेले. पण पुढच्या दोन वर्षांची पत्रे या अनुमानाला टिकू देत नाहीत. आधार शोधणारी व्यक्ती आधार देणाऱ्याशी इतके भांडत नाही.

त्या भांडल्या, आणि मुद्द्यांवर भांडल्या. मांसाहार करणार नाही म्हणाल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असे विचारले. अथनेशियसच्या मतांगीकारातला कठोरपणा त्यांना पटेना. त्रैक्याच्या सिद्धांताबद्दल त्यांच्या शंका होत्या, त्या त्यांनी लपवल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या ज्या महिला महाविद्यालयात त्या होत्या तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवू नये, असे हिंदुस्थानातल्या बिशपांचे म्हणणे आले, तेव्हा परदेशी बसून आपल्या वागणुकीचे नियम ठरवणारे हे कोण, असा त्यांचा सूर होता. सिस्टर जेराल्डिन यांना त्यात अहंकार दिसला आणि त्यांनी तो पुन्हा पुन्हा दाखवून दिला. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र धीर धरला. प्रश्न विचारणाऱ्या बुद्धीला वेळ द्यावा लागतो, हे त्यांना कळत होते. या तिघींचा पत्रव्यवहार म्हणजे धर्मांतरानंतरच्या धर्मजिज्ञासेचा दस्तऐवज आहे. असा दुसरा मला माहीत नाही. या बाईंनी एका धर्माची सक्ती दुसऱ्या धर्माच्या सक्तीने बदलून घ्यायचे साफ नाकारले.

मग त्या ख्रिस्ती का राहिल्या? सिद्धांतांबद्दल शंका होत्या, मठातल्या मोठ्या भगिनींशी पटत नव्हते आणि मायदेशी सगळे दुरावणार हे दिसत होते. याचे उत्तर १९०७ च्या साक्षीत एका प्रसंगाच्या रूपाने मिळते, आणि तो प्रसंग मला साक्षीतला सर्वांत विश्वसनीय भाग वाटतो, कारण त्यात कुठलाही चमत्कार नाही. वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथे चालवलेले एक घर दाखवले. समाजाने ‘बिघडलेल्या’ ठरवलेल्या बायका तिथे राहत, काम शिकत आणि पुढे दुसऱ्या तशाच बायकांची सेवा करीत. रमाबाईंनी शास्त्रे वाचली होती. अशा बाईला आपल्या ग्रंथांत आणि आपल्या समाजात काय वाट्याला येते ते त्यांना पाठ होते. त्यांनी विचारले, तुम्ही हे का करता? भगिनींनी योहानाच्या शुभवर्तमानातला विहिरीकाठच्या शोमरोनी बाईचा प्रसंग सांगितला.

म्हणजे धर्म त्यांना आधी घराच्या रूपात दिसला आणि वचन नंतर आले. विधवेला, टाकलेलीला, उपाशी पोरीला जिथे कोणी हाकलत नाही असे घर त्यांच्या आयुष्यात तोवर नव्हते. कोणत्याही मतांगीकारापेक्षा हे घर त्यांना घट्ट धरून ठेवणारे ठरले. पुढची ३९ वर्षे त्या तेच घर बांधत राहिल्या.

*

असे पहिले घर त्यांनी मुंबईत, गिरगाव चौपाटीवर उघडले. तारीख ११ मार्च १८८९.

त्याआधी तीन वर्षे त्या अमेरिकेत होत्या. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये आले. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा चालवायला १० वर्षे पैसा देण्याचे तिने मान्य केले. या संस्थेत निरनिराळ्या पंथांचे लोक होते, म्हणून शाळेत कोणत्याही पंथाचा धर्मोपदेश व्हायचा नाही अशी अट होती. ती अट रमाबाईंनाही हवी होती. धर्माची अट घालून भाकरी द्यायची नाही, हे त्यांनी स्वतः भुकेल्या असताना शिकलेले असावे.

विल्सन कॉलेजची आजची इमारत चौपाटीवर उभी राहिली ती याच वर्षी. त्या समुद्रकाठच्या वस्तीत ‘शारदा सदन’ सुरू झाले. तिथे राहायला आलेली पहिली विधवा म्हणजे देवरूखच्या जोशांची गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न आणि तीन महिन्यांत वैधव्य. विशी ओलांडल्यावर भाऊ नरहरपंतांनी तिला शिकण्यासाठी मुंबईला आणले होते. याच नरहरपंतांबरोबर धोंडो केशव कर्वे गिरगावात बिऱ्हाड करून राहत असत. गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. त्यांचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुरावा म्हणून मी या पुस्तकाला फार वजन देतो. रमाबाईंचे स्तुतिपर लेखन करणारे बहुतेक जण मिशनशी बांधलेले होते आणि निंदा करणारे बहुतेक जण सदनात कधी राहिलेले नव्हते. गोदूबाई त्या घरात राहिल्या, हिंदूच राहिल्या, बाहेर पडल्या, पुनर्विवाह करून संसार केला, आणि अर्ध्या शतकानंतरही त्यांच्या बोलण्यात रमाबाईंबद्दल आईबद्दल असते तशी माया आहे. त्या सांगतात त्यावरून घराची रीत कळते: स्वयंपाक ब्राह्मण पद्धतीचा, सोवळे पाळायचे तिला पाळू द्यायचे, ज्याचे व्रतवैकल्य त्याच्यापाशी. रमाबाई मात्र स्वतःची प्रार्थना लपवत नसत. सकाळी मनोरमेला घेऊन त्या आपल्या खोलीत बायबल वाचत, प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. कोणी मुलगी येऊन बसली तर तिला बोलावलेले नसे आणि हाकललेलेही नसे.

पुढचे सारे वादळ या उघड्या दारावरून झाले. डिसेंबर १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात मजकूर आला की सदनातल्या सात विधवांपैकी दोघींना ख्रिस्ती धर्माची ओढ लागली आहे. ‘केसरी’ने तो उचलला. याच डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन मुंबईत भरले होते आणि तिथल्या थोडक्या स्त्रियांमध्ये रमाबाई होत्या. सामाजिक परिषदेत त्या विधवांच्या केशवपनाविरुद्ध बोलल्या. एका बाजूला मिशनच्या लोकांना त्यांनी पुरेशा मुली ख्रिस्ती केल्या नाहीत म्हणून राग, दुसऱ्या बाजूला पुण्याला त्या करतीलच म्हणून राग. दोन्हीकडून रोष ओढवून घेणारी ही भूमिका त्यांनी सोडली नाही: कोणाला बळजबरी करणार नाही, आणि माझ्या घरात मी माझी प्रार्थना दार लावून करणार नाही.

मी राहतो त्या भागाशी या वर्षांचा एक धागा जुळतो, तो इथे नोंदवतो. अँटॉप हिलच्या बाजूला, वडाळ्याला जे अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे, ते १८९० मध्ये ‘बेघर महारोग्यांचे आश्रयस्थान’ म्हणून सुरू झाले. माटुंगा-वडाळ्याचा हा भाग तेव्हा बेटाचे पूर्वेकडचे टोक होता, पलीकडे मिठागरे. हवाई बेटांत महारोग्यांमध्ये राहिलेले फादर डेमियन स्वतः त्याच रोगाने १५ एप्रिल १८८९ रोजी गेले होते आणि त्या बातमीने जगभर जितका आदर जागा झाला तितकीच भीतीही. मुंबईत वर्गण्या जमल्या, सर दिनशॉ पेटिट यांनी मोठी देणगी दिली, आणि म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ यांनी रस्त्यावर भीक मागणाऱ्या रोग्यांना कायद्याच्या अधिकाराने तिथे हलवले. (मराठी पोवाडे शाळिग्रामांबरोबर गोळा करून छापणारे ते हेच अ‍ॅक्वर्थ.) या आश्रयस्थानाने पुष्कळांना अन्न, छप्पर आणि औषध दिले, ते लहान काम नव्हे. पण तिथे आणलेल्या माणसाला बाहेर जायची मोकळीक नव्हती. एकाच शहरात, एकाच सुमारास, नको असलेल्या माणसांसाठी दोन घरे उघडली. एकात भीती कायद्याच्या रूपाने दाराशी उभी होती. दुसऱ्यात दार उघडे ठेवल्याबद्दलच संचालिकेला जाब विचारला जात होता. त्या काळचे हे शहर समजून घ्यायला ही दोन्ही घरे शेजारी ठेवून पाहावीत, असे मला वाटते.

मुंबईचा खर्च परवडेना म्हणून नोव्हेंबर १८९० मध्ये शारदा सदन पुण्याला हलले.

*

आता तारखांकडे पुन्हा पाहू. साक्षीत रमाबाई म्हणतात की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म पटला होता, पण ख्रिस्त भेटला नव्हता. ती ओळख सुमारे आठ वर्षांनी पटली, विल्यम हॅसलम या पाद्र्याचे आत्मकथन वाचताना. म्हणजे साल येते १८९१. तेव्हा चौपाटीचे सदन सुरू होऊन चालून पुण्याला गेलेले होते. गोदूबाईला पोटाशी धरणारी, दोन्हीकडचे शिव्याशाप झेलणारी बाई स्वतःच्याच हिशेबाप्रमाणे अजून शोधात होती. संकटात आधी श्रद्धा पक्की होते आणि मग तिच्यातून कार्य जन्मते, हा चरित्रकारांचा आवडता क्रम इथे लागत नाही. टाकलेल्यांसाठी घर चालवता चालवता या बाईंना आपला देव सापडत गेला.

सापडल्यावर जे झाले ते सोसणे पुण्याच्या मित्रांना अवघड गेले. ऑगस्ट १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर आदींनी सदनाच्या सल्लागार मंडळाचे राजीनामे जाहीर केले आणि वीसहून अधिक मुली पालकांनी काढून नेल्या. रानडे-भांडारकरांची तक्रार निराधार नव्हती. जिच्यावर मुलींचा इतका जीव आहे तिची प्रार्थना उघड्या दारातून ऐकू येत असेल, तर तिचा परिणाम होणारच, आणि पुढच्या काही वर्षांत काही मुलींनी बाप्तिस्मा घेतलाही. मात्र आईवडिलांनी वाऱ्यावर सोडलेल्या मुलींवर धर्माचा हक्क सांगायला जे पुढे आले, त्यांच्यापैकी किती जणांनी त्या मुलींना ताटाशी बसवले असते, हा रमाबाईंचा प्रश्नही तितकाच खरा होता. त्याला कृतीने उत्तर दिले ते कर्व्यांनी. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. शारदा सदनापासून प्रेरणा मिळाल्याचे ते मोकळेपणाने सांगत.

*

रमाबाईंची खरी कसोटी १८९६ च्या अखेरीस आली. मध्य प्रांतात दुष्काळ पडला होता. मदतीच्या छावण्यांत आणि अनाथगृहांत मुली सुरक्षित नाहीत, दलाल त्यांना उचलून नेतात, हे त्यांनी ऐकले आणि त्या स्वतः निघाल्या. जवळ पैसा बेताचाच. बोस्टनची १० वर्षांची मदत १८९८ मध्ये संपणार होती, म्हणून केडगावला पुणे–सोलापूर रेल्वेमार्गावर त्यांनी सुमारे १०० एकर जमीन आधीच घेऊन फळझाडे लावायला सुरुवात केली होती. त्या बागेच्या उत्पन्नावर ५० मुलींची शाळा चालावी एवढाच बेत होता. त्या आणून बसल्या सुमारे ३०० मुली.

१८९७ ची पुस्तिका या फेरीतून आली. तिच्यात आकडेवारी थोडी आणि पाहिलेले फार आहे: डोळे खोल गेलेल्या पोरी, अंगावर फोड, अन्न समोर आल्यावर ते खाण्याचीही ताकद नाही. देवाने मला जायला सांगितले, असे त्या लिहितात, आणि त्याच दमात म्हणतात की मी एकदा यातून गेले आहे, मला हे ठाऊक आहे. या दोन वाक्यांना मी वेगळे करत नाही. वाळूत गाडून घेऊन काढलेल्या रात्री आणि विहिरीकाठच्या बाईची गोष्ट, दोन्ही मिळून त्यांना रेल्वेत बसवून घेऊन गेल्या.

परतल्या तो पुण्यात प्लेग. शहरात एवढ्या मुली ठेवायला सरकारी मनाई झाली. मग केडगावच्या उघड्या शेतावर तंबू आणि झोपड्या टाकून मुलींना तिकडे नेले. सदनातल्या जुन्या विधवा, ज्यांना कालपर्यंत कोणी तरी सांभाळत होते, त्या आज दहा-दहा, पंधरा-पंधरा मुलींच्या आया झाल्या.

या धांदलीत १८ मे १८९७ रोजी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये रमाबाईंचे पत्र छापून आले. पुण्याच्या प्लेग इस्पितळात नेलेल्या बायकांच्या सुरक्षिततेबद्दल, आणि आपल्या घरून गेलेल्या एका मुलीचे तिथे काय झाले त्याबद्दल, त्यांनी सरकारला उघड जाब विचारला. प्रकरण लंडनच्या पार्लमेंटपर्यंत गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे अत्यंत चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरवले. गोपाळ कृष्ण गोखल्यांना त्याच वर्षी सोजिरांवरच्या एका वेगळ्या आरोपाबद्दल जाहीर माफी मागावी लागली. रमाबाईंनी आपले पत्र मागे घेतले नाही. ज्या सरकारची त्यांना जमिनीसाठी, दुष्काळी मुलींच्या परवानगीसाठी, प्रत्येक पावलाला गरज होती त्या सरकारशी, आणि जे सरकार त्यांच्या नव्या धर्मबांधवांचे होते त्याच्याशी, एका अनाम मुलीसाठी वैर घेणे सोपे नव्हते. ‘केसरी’ने त्यांना परकीयांची हस्तक म्हटले होते. हे पत्र त्या आरोपाला मिळालेले सर्वांत भक्कम उत्तर आहे, आणि इतिहासात त्याची आठवण फार थोड्यांनी ठेवली.

माझ्या दृष्टीने त्यांच्या श्रद्धेचा कणा या पत्रात दिसतो. साक्षीत शांती आहे, या पत्रात निर्भयता आहे, आणि दोन्ही एकाच मुळाच्या आहेत. ज्याला एका देवापुढे उत्तर द्यायचे आहे त्याला गव्हर्नरापुढे आणि बिशपापुढे वाकायची गरज उरत नाही, हे १८८५ च्या पत्रांतली भांडखोर रमाबाई आधीच सांगत होती.

*

२४ सप्टेंबर १८९८ रोजी केडगावला मुक्ती सदनाची कोनशिला बसली. धर्माबाबत तटस्थ राहण्याची अट संपली होती आणि नवे घर उघडपणे ख्रिस्ती होते. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे म्हटली पाहिजे. चौपाटीच्या घरात गोदूबाईला हिंदू राहण्याचे जे स्वातंत्र्य होते ते केडगावच्या दुष्काळातल्या अनाथ लहान मुलीला त्याच अर्थाने नव्हते. सात वर्षांची भुकेली पोर ज्या घरात वाढते त्या घराचाच धर्म तिचा होतो. रमाबाईंना यात काही गैर वाटले नाही. आपल्याला जे सर्वांत मोलाचे सापडले ते मुलींना देणे त्यांना कर्तव्य वाटले. आजच्या वाचकाला इथे थबकावेसे वाटले तर ते योग्यच आहे. मला स्वतःला चौपाटीची रमाबाई जवळची वाटते. पण १८९७ च्या त्या ३०० मुलींपैकी किती जणी केडगावशिवाय जगल्या असत्या, याचा विचार टाळून दिलेला निकाल मी मान्य करू शकत नाही.

१९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळाने आणखी मुली आल्या आणि केडगावची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. विहिरी खणल्या, तेलाचा घाणा आला, माग आले, गोठा आणि छापखाना उभा राहिला. फुलहॅमच्या घराला जवळचे असे ‘कृपा सदन’ निघाले आणि आंधळ्या मुलींसाठीही घर झाले. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून घेतली होती. ती त्या मुलींना शिकवी. या सगळ्यात प्रार्थना दिवसाच्या मधोमध होती, पण घाणा, माग आणि पाटपाणी तिच्यासाठी थांबत नव्हते.

२४ जुलै १९२१ रोजी मिरजेला मनोरमा गेली, वयाच्या चाळिशीत. नवऱ्यामागे राहिलेले एकच माणूस, आणि मुक्तीची पुढची सूत्रे जिच्या हाती द्यायची ती हीच. रमाबाई तेव्हा जवळजवळ बहिऱ्या होत्या, प्रकृती ढासळलेली होती. हिब्रू आणि ग्रीक उतारवयात शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर एकटीने हाती घेतले होते, गावातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत. मनोरमेनंतर त्या आठ महिने जगल्या आणि भाषांतराची मुद्रिते तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. ते बायबल १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यात छापून पुरे झाले, आणि तिथे खिळे जुळवणारे हात त्या घरात वाढलेल्या मुलींचे होते.